मर्फीची पेटी आणि आपली कलाशाखा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रेडिओच्या कारखान्यावर लेख लिहावा, हे काहींना रुचणार नाही. ‘हा विषय सायन्सवाल्यांचा, फार तर कॉमर्सवाल्यांचा. तुम्ही आपले केशवसुत आणि कालिदास सांभाळा,’ असे म्हणणारे मित्र माझ्याच वर्गात आहेत. माझे मत नेमके उलट आहे. घराघरांत शिरलेल्या आणि लोकांच्या कानांना नवी सवय लावणाऱ्या वस्तूचा इतिहास जर आपण वाचायचा नाही, तर तो कोणी वाचायचा? सायन्सचा विद्यार्थी आतील व्हॉल्व्ह पाहील, कॉमर्सचा विद्यार्थी ताळेबंद पाहील. पण ती वस्तू तशीच का दिसते आणि ती करणारा माणूस काय मानत होता, हे प्रश्न आपलेच आहेत. ‘मर्फी’ या ब्रिटिश रेडिओ कंपनीच्या आधाराने मला हे मांडावयाचे आहे.

आपल्याकडे मर्फी म्हटले की ओठांवर बोट ठेवलेले गोंडस मूल आठवते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मर्फीचे रेडिओ आपल्या देशातच तयार होऊ लागले. ठाण्याला त्यांचा कारखाना होता. २०१२ सालच्या ‘बर्फी’ या हिंदी चित्रपटाच्या नायकाचे नावही याच रेडिओवरून ठेवलेले दाखविले आहे. परंतु मर्फी हे कोणा माणसाचे आडनाव होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

फ्रँक मर्फी हा पोस्टखात्यात काम केलेला इंजिनिअर पुढे जाहिरातीच्या व्यवसायात पडला. १९२९ साली त्याने ई. जे. पॉवर या तरुण रेडिओतज्ज्ञाला बरोबर घेऊन लंडनच्या उत्तरेस वेल्विन गार्डन सिटी येथे कारखाना काढला. बी.बी.सी. सुरू होऊन त्या वेळी सातच वर्षे झाली होती. रेडिओ ऐकणे ही तोवर हौशी लोकांची खटपट होती. अनेक बटणे फिरवून स्टेशन पकडायचे, आणि घरी वीज नसेल तर ॲक्युम्युलेटर उचलून दुकानात भारून आणायचा, असा तो खाक्या होता. मर्फीने आपल्या धंद्याचे सूत्र एका वाक्यात सांगितले : वायरलेस सोपा करणे. घरातील आजीबाईलाही शेजाऱ्याला हाक न मारता रेडिओ लावता यावा, असा या सूत्राचा अर्थ मी घेतो.

त्याच्या जाहिराती आजही पाहण्यासारख्या आहेत. सुंदर तरुणी नाही, राजवाडा नाही. तोंडात पाइप धरलेला मर्फी स्वतःच त्यात दिसतो आणि आपला रेडिओ असा का केला, हे ग्राहकाला साध्या भाषेत सांगतो. वाटेल त्या दुकानात माल ठेवायचा नाही, निवडक विक्रेतेच नेमायचे, किंमत सगळीकडे एकच ठेवायची, असा त्याचा शिरस्ता होता. विकलेल्या मालामागे कोणीतरी उभे राहिले पाहिजे, हा त्यातला विचार मला मोलाचा वाटतो.

आता पेटीकडे वळू. त्या काळी बाजारातील बऱ्याच रेडिओंच्या पेट्या म्हणजे जुन्या फर्निचरची नक्कल असे. लाकडावर उगाच कोरीवकाम, कुठे देवळाची कमान, तर कुठे उगवता सूर्य. यंत्र विसाव्या शतकाचे आणि अंगरखा पणजोबांचा! मर्फीला हे खटकले. १९३० च्या सुमारास तो वूस्टरशायरमधील ब्रॉडवे या गावी गॉर्डन रसेल या नामांकित फर्निचरकाराकडे गेला. गॉर्डनचा धाकटा भाऊ डिक रसेल हा वास्तुशास्त्र शिकलेला. त्याने मर्फीसाठी साध्या, सरळ रेषांच्या अक्रोडी पेट्या आखल्या. नक्षी नाही; लाकडाचा पोत, प्रमाण आणि बटणांची नेटकी जागा हीच शोभा. विक्रेत्यांनी प्रथम नाके मुरडली, पण मर्फी हटला नाही. पुढे मागणी इतकी वाढली की गॉर्डन रसेलच्या कंपनीला १९३५ साली या पेट्यांसाठी लंडनला पार्क रॉयल येथे वेगळा कारखाना काढावा लागला.

त्याच सुमारास एक्को या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने वेल्स कोट्स या वास्तुतज्ज्ञाकडून बॅकेलाइटचा गोल रेडिओ करून घेतला. तो १९३४ साली बाजारात आला. आतील स्पीकर गोल, म्हणून पेटीही गोल. एकाने जुने लाकूड घेतले, दुसऱ्याने नवे बॅकेलाइट. पण वस्तूने आपण जे आहोत तसेच दिसावे, हे तत्त्व दोघांचेही एकच होते. निकोलाउस पेव्हस्नर हा कलेचा मोठा इतिहासकार. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडला आल्यावर काही वर्षे तो गॉर्डन रसेलकडेच नोकरीला होता. त्याने १९४० साली ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ या मासिकात रेडिओच्या पेटीचा इतिहास लिहिला. चर्चच्या वास्तूंवर लिहिणाऱ्या लेखणीला रेडिओची पेटी हलकी वाटली नाही. मग आपल्यालाच ती का वाटावी?

मर्फीचे मी सरसकट गुणगान करीत नाही. त्याचे सेट सर्वांत स्वस्त नव्हते. गरीब घराला ते परवडणे कठीणच होते. शिवाय ग्राहकाला काय हवे ते आपल्यालाच अधिक कळते, अशी एक गुरुजनांची ऐट त्याच्या बोलण्यात होती. संचालकांशी त्याचे पटेनासे झाले आणि १९३७ साली आपल्याच नावाची कंपनी सोडून तो बाहेर पडला. त्यानंतर फर्निचरच्या धंद्यात तो उतरला, पण तेथे जम बसला नाही. अखेर तो कॅनडात गेला आणि तेथेच १९५५ साली वारला. कंपनी मात्र पॉवरच्या हाताखाली चालत राहिली. म्हणजे त्याची तत्त्वे फोल होती काय? मला तसे वाटत नाही.

महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये साध्या नागरिकाला रेडिओ मिळेनासा झाला. तेव्हा सरकारने एकच आराखडा ठरवून अनेक कारखान्यांकडून तो बनवून घेतला. १९४४ साली बाहेर आलेल्या या बिननक्षीच्या, फक्त मीडियम वेव्ह असलेल्या सेटवर कोणत्याच कंपनीचे नाव नव्हते. त्याची आखणी मर्फी कंपनीच्या रेनॉल्ड्स या इंजिनिअरने केली होती. मर्फी तेव्हा कंपनीत नव्हता, सेटवर त्याचे नावही नव्हते. पण ‘वायरलेस सोपा करणे’ हे सूत्र त्या नागड्या पेटीत शिल्लक होते.

पुढे नेमके उलटे घडले. दूरचित्रवाणीच्या काळात लहान कंपन्यांना एकटे उभे राहणे जड जाऊ लागले. १९६० साली पाय आणि एक्को एकत्र झाल्या. १९६२ साली मर्फी रँक या बड्या संस्थेच्या ताब्यात जाऊन बुश कंपनीशी जोडली गेली. त्यानंतर मर्फी हे नाव विकण्याची आणि चिकटविण्याची चीज झाली. एकदा नाव नसून तत्त्व होते. मग तत्त्व जाऊन नाव राहिले. संस्था, पक्ष, किंबहुना महाविद्यालये यांनाही हा धडा लागू पडतो.

शेवटी पॉवरविषयी. हा रेडिओ इंजिनिअर पुढे ब्रिटनमधील आधुनिक चित्रकलेचा एक मोठा संग्राहक झाला. अमेरिकेतील नव्या चित्रकारांकडे त्याच्या देशाने पुरते पाहिलेही नव्हते, तेव्हा त्याने त्यांची चित्रे विकत घेतली, आणि टेट या विख्यात चित्रसंग्रहालयाचा तो विश्वस्त झाला. यंत्रवाल्याला कलेच्या दालनात शिरताना संकोच वाटला नाही. आपण कलावाले मात्र यंत्राच्या दाराशी थबकतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढील स्नेहसंमेलनात इतिहास मंडळाने रांगोळी आणि पाककृतींच्या जोडीला घरगुती जुन्या वस्तूंचे एक प्रदर्शन भरवावे. रेडिओ, शिवणयंत्र, स्टोव्ह, जे मिळेल ते. प्रत्येक वस्तूशेजारी ती कोणी घडविली, घरात कधी आली, कितीला आली आणि कोणी दुरुस्त केली, याचा एका पानाचा वृत्तान्त असावा. व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करणारे हात आता थोडेच उरले आहेत. त्यांना पाहुणे म्हणून व्यासपीठावर बोलवावे आणि बोलते करावे. प्राध्यापकांनी हे काम प्रकल्प म्हणून मान्य केले, तर विद्यार्थी कमी पडणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.