भीती वाटली की कोणाचा हात धरायचा?

मोबाइलवर एखादी फाइल येते आणि ती उघडायला बोटच पुढे होत नाही, असं तुमचं कधी झालंय? माझं मागच्या वर्षी झालं. आईच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट बाबांनी गावाहून पाठवला होता. "इंग्रजीत आहे, तूच वाच आणि सांग," एवढंच म्हणाले. मी नोएडात पीजीच्या खोलीत एकटी होते. रात्रीचे अकरा वाजले होते. पाऊण तास फोन हातात होता, पण फाइल काही उघडली नाही.

शेवटी आजीला फोन लावला. आजी कराडजवळच्या मसूरची. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती तिच्या गावात आहे. लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची, तेव्हा ती मला जवळ घेऊन भीमरूपी म्हणायला लावायची. त्या रात्रीही म्हणाली, "आधी भीमरूपी म्हणू, मग उघड. मी फोन ठेवत नाही बाळा."

आम्ही दोघींनी म्हटलं. मग मी रिपोर्ट उघडला. तो चांगला नव्हता. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि पुढे उपचारही.

तुम्ही विचाराल, मग देवाचं नाव घेऊन काय मिळालं? हाच प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर मला दिल्लीतच मिळालं.

रंभा दाईचं औषध

महात्मा गांधी लहानपणी खूप भित्रे होते, हे तुम्हाला माहीत आहे का? आत्मचरित्रात त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं आहे. चोर, भुतं आणि साप या तिन्हींची त्यांना भीती वाटायची. रात्री घराबाहेर पडायची हिंमत नव्हती. खोलीत दिवा नसेल तर झोप लागायची नाही. लग्न झाल्यावर तर पंचाईतच झाली, कारण कस्तुरबांना यातल्या कशाचीच भीती वाटत नव्हती आणि हे त्यांना सांगायची मोहनदासला लाज वाटायची!

त्यांच्या घरी रंभा नावाची एक म्हातारी दाई होती. तिने या मुलाला एक साधा उपाय सांगितला होता : भीती वाटली की रामनाम घे. गांधीजींनी पुढे जे लिहिलं आहे, ते मला फार आवडतं. त्यांचा तेव्हा त्या उपायापेक्षा रंभावर जास्त विश्वास होता.

मला यात माझी आजी दिसते. देवावरची श्रद्धा आपल्याकडे बहुतेक वेळा अशीच येते. कुणीतरी प्रेमाचं माणूस आपला हात धरतं आणि तोच हात देवाच्या हातात देतं. मोहनदासचा तो जप तेव्हा फार दिवस टिकला नाही. पण लहानपणी पेरलेलं ते बी वाया गेलं नाही, असं त्यांनीच म्हटलं आहे.

दिल्लीतले ते दिवस

आईच्या ऑपरेशनच्या आधी, एका सुट्टीच्या दिवशी मी तीस जानेवारी मार्गावरच्या गांधी स्मृतीत गेले. पूर्वीचं हे बिर्ला हाउस. ९ सप्टेंबर १९४७ ला गांधीजी दिल्लीत आले आणि शेवटचे १४४ दिवस इथेच राहिले. तेव्हा अख्खी दिल्ली भीतीने भरलेली होती. फाळणीत घरदार गमावलेले निर्वासित एकीकडे, आणि पुराना किल्ल्याच्या छावणीत जीव मुठीत धरून बसलेली मुस्लिम कुटुंबं दुसरीकडे.

या वातावरणात ते रोज संध्याकाळी उघड्या बागेत प्रार्थना घ्यायचे. त्या प्रार्थनेत गीता असायची, कुराणही असायचं. २० जानेवारी १९४८ ला प्रार्थनेच्या वेळी जवळच बॉम्ब फुटला. ७८ वर्षांचे गांधीजी जागचे हलले नाहीत. लोकांना शांत राहायला सांगून त्यांनी सभा पुढे चालू ठेवली. त्यानंतर प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायचा विचार झाला, तर त्यालाही त्यांनी नकार दिला. अंधारात दिव्याशिवाय झोपू न शकणारा तो मुलगा हाच, यावर विश्वास बसत नाही.

दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, त्याच बागेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांची शेवटची पावलं आज तिथे सिमेंटमध्ये उमटवलेली आहेत. मी त्या पावलांच्या बाजूने हळूहळू चालले.

तिथे मला माझं उत्तर मिळालं. देवावर विश्वास ठेवला म्हणजे वाईट काही घडणारच नाही, असा करार नसतो. गोळी चुकली नाही. आईचा रिपोर्टही बदलला नाही. पण घाबरून काय करायचं आणि काय टाळायचं, हे ठरवण्याचा हक्क भीतीकडे राहत नाही. गांधीजींची प्रार्थना थांबली नाही. माझी फाइल उघडली गेली.

मारुती आणि तालीम

याचा अर्थ आपण दार उघडं टाकून झोपायचं असा मुळीच नाही. समर्थांनी मारुतीची उपासना सांगितली, तशीच शरीर कमवायलाही सांगितलं. म्हणून तर कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाला लागूनच तालीम असते. नमस्कार देवाला आणि जोर-बैठका आपल्या आपण! रिपोर्ट वाचल्यावर आम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. श्रद्धेने पाय थरथरायचे थांबतात, पण चालावं आपल्यालाच लागतं.

तुम्हालाही आज कशाची तरी भीती वाटत असेल. परीक्षेचा निकाल, नोकरी, कर्जाचा हप्ता किंवा रात्री उशिरा घरी परतणारी लेक. मग एवढंच करून पाहा. तुमच्या देवाचं जे नाव असेल, ते शांतपणे घ्या. ज्या गोष्टीला घाबरताय, तिच्यातलं फक्त पुढचं एक काम ठरवा. आणि ते करताना कुणाला तरी फोनवर सोबत घ्या.

आईचे उपचार अजून चालू आहेत. तपासणीचा दिवस जवळ आला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. तेव्हा मी आजीला फोन लावते. ती विचारत नाही, कशाला केलास म्हणून. थेट भीमरूपी सुरू करते.

तुमच्या घरातही अशी एखादी रंभा असेलच. आज तिला एक फोन करा. आणि घरात कुणी लहान मूल अंधाराला घाबरत असेल, तर त्याला रागावू नका. जवळ घ्या. कदाचित त्याची रंभा तुम्हीच असाल.