यंत्राला उशीर चालत नाही

आपली कितीतरी मुले-मुली आयटीआय, डिप्लोमा करून कारखान्यात लागतात. तिथल्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्यांना इथरनेटची केबल दिसते. ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही तीच असते. म्हणून दोन्ही नेटवर्क सारखीच, असा समज होतो. हा समज धोक्याचा आहे.

इथरनेटचा जन्म १९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. तो ऑफिसच्या कामासाठी. सुरुवातीला सर्व कॉम्प्युटर एकाच केबलवर असत. दोघांनी एकदम संदेश पाठवला की टक्कर होई. मग दोघेही थोडे थांबून पुन्हा पाठवत. पुढे स्विच आले, टक्कर थांबली. तरी गर्दी झाली की संदेशांची रांग लागतेच. पत्र छापायला दोन सेकंद जास्त लागले, तर ऑफिसात कोणाचे काही बिघडत नाही.

कारखान्यात बिघडते. एका मशीनच्या अनेक मोटारी एका तालात फिरवायच्या, तर दर काही मिलिसेकंदाला आज्ञा पोहोचावी लागते. म्हणून प्रोफिनेट, इथरकॅट अशा पद्धती निघाल्या. इथे वेगापेक्षा वेळ पाळण्याला किंमत आहे. जिथे सुरक्षेचे संदेशही याच केबलमधून जातात, तिथे ठरल्या वेळेत संदेश आला नाही की मशीन थांबवले जाते. प्रश्न कामगाराच्या हाताबोटांचा असतो.

दुसरा फरक जागेचा. उष्णता, तेल, धूळ आणि हादरे यांत ऑफिसचा प्लास्टिकचा जोड टिकत नाही. म्हणून अनेक मशीनवर आट्यांनी घट्ट बसणारा एम-१२ जोड वापरतात. पुष्कळदा स्विच गोलाकार जोडतात. एका ठिकाणी केबल तुटली, तर संदेश उलट्या बाजूने जातो.

नव्याने कामाला लागणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नेटवर्कची केबल मोटारीच्या पॉवर केबलला चिकटून नेऊ नये. पॅनेलमध्ये ऑफिसचा स्वस्त स्विच बसवू नये. स्वतःचा पेन ड्राइव्ह किंवा लॅपटॉप परवानगीशिवाय लावू नये. पेन ड्राइव्हमधून पसरणारा स्टक्सनेट व्हायरस २०१० साली उघडकीस आला. त्याचे लक्ष्य इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रे होती.

पालकांनो, मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिशियन, फिटर असेल, तर हेही शिकायला सांगा. मशीन चालवणाऱ्याला मशीनची भाषा कळली, तर तो सुरक्षित राहतो आणि त्याच्या शब्दालाही वजन येते.