रोप देऊ नका, लोणचे द्या

दक्षिण कॅलिफोर्नियात कुणाच्या घरी वास्तुशांतीला, बारशाला किंवा गणपतीच्या आरतीला गेले की निघताना प्रसादाच्या द्रोणाबरोबर हातात एक काळी प्लास्टिकची कुंडी पडते. त्यात वीतभर कढीपत्त्याचे रोप. "आमच्या झाडाला खूप पिल्लं फुटतात हो, घेऊन जा!" देणारा उदार, घेणारा खूष. ही प्रथा आपण बंद केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेकांना ते आवडणार नाही, याची कल्पना आहे.

लिंबू, संत्रे, बेल, कवठ आणि कढीपत्ता ही सारी एकाच कुळातली. त्यांच्या कोवळ्या पालवीवर सायला नावाची तीन-चार मिलिमीटरची तपकिरी कीड बसते, तीही शेपूट वर करून तिरकी. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे नाव नवे नाही. ही कीड रस शोषते, पण खरी भीती त्याची नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना ती हुआंगलाँगबिंग ऊर्फ सिट्रस ग्रीनिंग या रोगाचे जिवाणू नेते. पानांवर वेडेवाकडे पिवळे डाग पडतात, फळ एका बाजूला कलते, कडू होते आणि काही वर्षांत झाड मरते. यावर औषध नाही. रोग सिद्ध झालेले झाड उपटणे एवढाच उपाय.

गंमत अशी की हा रोग कढीपत्त्याला बाधत नाही, सायला मात्र त्यावर मजेत वाढते. त्यामुळे "आमचं झाड बघा किती हिरवंगार आहे" हा युक्तिवाद इथे कुचकामी आहे. हिरवेगार झाडच तिला हवे असते. पालवीच्या बेचक्यात घातलेली तिची पिवळसर अंडी चष्मा लावूनही दिसत नाहीत, आणि आपण ती कुंडीसकट गाडीच्या डिकीत घालून चाळीस मैल नेतो.

"एका कुंडीने काय होणार?" असे विचारणाऱ्यांनी फ्लोरिडाकडे पाहावे. तिथे सायला १९९८ साली सापडली. दुकानांतून विकल्या गेलेल्या कुंतीच्या कुंड्यांवर बसून ती राज्यभर फिरली. कुंतीही याच कुळातली. २००५ साली रोग आला. २००३-०४च्या हंगामात तिथे संत्र्यांची २४ कोटींहून अधिक खोकी निघाली होती; २०२४-२५मध्ये जेमतेम १ कोटी २० लाख. चक्रीवादळांनी हात दिला हे खरे, पण बागा आधीच या रोगाने पोखरल्या होत्या.

आपल्याकडे सायला २००८ साली सॅन डिएगो कौंटीत आली आणि २०१२ साली हॅसिएंडा हाइट्समधल्या एका घराच्या अंगणात पहिले रोगट झाड मिळाले. नीट वाचा, अंगणात! त्यानंतर सापडलेली हजारो रोगट झाडेही बहुतेक घरगुतीच आहेत. रिव्हरसाइडमधले नेव्हल संत्र्याचे दीडशे वर्षांचे मूळ झाड आज जाळीच्या खोलीत उभे आहे. बडे बागायतदार फवारण्या करतात, तपासण्या करतात. उरतो तो आपण, बॅकयार्डवाला.

नियमही लपवलेले नाहीत. भारतातून रोप किंवा ताजी पाने आणणे निषिद्ध आहे. रोग सापडलेल्या भागातून झाड, फांदी, कढीपत्ता, एवढेच काय घरची लिंबेही अंगणाबाहेर न्यायची नाहीत. ती घरीच खावी किंवा घरीच त्यांचे काही करावे. पण कौंटीचा माणूस झाड तपासायला आला की आपण पडद्याआडून बघतो आणि दार उघडत नाही. एरवी मुलांच्या लसीकरणाचे कागद फाइलीत लावून ठेवणारी माणसे आपण! रोप हवेच असेल तर परवानाधारक नर्सरीतून घ्यावे. चार डॉलर जास्त पडतील.

दुसरे टोक म्हणजे घाबरून फवारणारे. गुलाबाचे औषध कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायचे आणि त्याच पानांची फोडणी द्यायची, हे अघोरी आहे. ज्या झाडाचे नाव लेबलावर नाही त्यावर औषध वापरणे बेकायदाही आहे. त्यापेक्षा मुंग्यांचा बंदोबस्त करा. सायलेच्या पिल्लांचा गोड चिकटा खाण्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि तामारिक्सिया या चिमुकल्या गांधीलमाशीला जवळ येऊ देत नाहीत. ही माशी पाकिस्तानातल्या पंजाबातून आणून २०११च्या अखेरीस इथे सोडली. ती पिल्लांच्या अंगाखाली अंडी घालून त्यांचा नायनाट करते. बुंध्याशी साखरपाण्यात अगदी थोडे बोरिक ॲसिड असलेले आमिष ठेवले की मुंग्या आटोक्यात येतात आणि माशीला काम करता येते. दर पंधरवड्याला कोवळी पालवी भिंगाने पाहावी. पांढरे, मेणचट, पिळदार धागे दिसले तर कौंटीला फोन करावा.

आणि द्यायची हौस असेल तर बरणी द्या. लोणच्यातून सायला प्रवास करत नाही. कढीपत्ता धुऊन, सावलीत वाळवून, चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत परतावा. भाजलेले तीळ, सुके खोबरे, लाल मिरच्या, हिंग, मीठ, आमचूर आणि चिमूटभर साखर घालून कुटला की झकास कोरडी चटणी होते. लिंबांचे म्हणाल तर इथले युरेका जाड सालीचे; फोडी मिठात महिनाभर तरी मुरू द्याव्यात आणि मगच गूळ, तिखट, जिरेपूड घालावी. मेयरची साल पातळ आणि चव सौम्य. तिचे साखरलिंबू करावे, ते उपासालाही चालते.

फक्त रिकामी बरणी आठवणीने परत करावी.