प्रत ठरवताना

मराठीत 'प्रत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: ग्रंथाची नक्कल आणि वस्तूचा दर्जा. जुन्या नाण्यांच्या संग्राहकाला हे दोन्ही अर्थ एकदमच हाताळावे लागतात. प्रत्येक नाणे ही ठशाची एक प्रतच असते आणि दर्जा ठरवायचा तो या प्रतीचा. त्यासाठी हल्ली आकड्यांची जी पद्धत रूढ झाली आहे, ती किती तोकडी आहे हे आयरिश नाण्यांसमोर लगेच कळते.

१६८९ साली पदच्युत राजा दुसरा जेम्स आयर्लंडमध्ये उतरला तेव्हा सैन्याचा पगार भागवायला त्याच्याजवळ चांदी नव्हती. जुन्या तोफा, घंटा, भांडीकुंडी वितळवून पितळी नाणी पाडण्यात आली. पुढे ती टप्प्याटप्प्याने बदलून देऊ, असे आश्वासन असल्यामुळे त्यांवर सालाबरोबर महिनाही घातला गेला. इंग्रजीत हीच 'गन मनी'. १६९० मध्ये आधीची मोठी अर्धक्राउन नाणी पुन्हा ठशाखाली घालून त्यांचेच क्राउन केले गेले. अशा काही नाण्यांवर घोडेस्वार राजाच्या आकृतीखालून आधीची अक्षरे डोकावतात. नवख्याला तो डाग वाटतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला मात्र खरवडून पुन्हा लिहिलेली चर्मपत्रे आठवतील. खालचा मजकूर दिसतो म्हणून तिथे कोणी पोथीचे गुण कापत नाही.

खरा पेच याहून सूक्ष्म आहे. घाईने पाडलेल्या नाण्यावर राजाचे केस दिसत नसतील, तर ते झिजून गेले की मुळात उमटलेच नाहीत? नाणे उजेडात तिरपे फिरवून पाहावे लागते. झिजलेला उंचवटा गुळगुळीत असतो आणि त्याची छटा भोवतालाहून निराळी दिसते. न उमटलेल्या जागी तबकडीचा मूळ खडबडीतपणा तसाच शिल्लक असतो. पहिली उणीव वापराची, दुसरी जन्माची. आकडा या दोहोंची सरमिसळ करतो. साहित्याची परीक्षा करणाऱ्यांना हा घोटाळा अपरिचित नसावा.

एक ते सत्तर गुणांची ही श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडली. ती होती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी आणि तिचा उगम किमतीच्या हिशेबात होता. (संग्रहालयातले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवण्याचा उद्योग याच गृहस्थाने केल्याचे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. असो.) १९८० च्या दशकापासून कंपन्या नाणे प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून वर आकडा छापून देऊ लागल्या. त्याआधीची 'फाइन', 'व्हेरी फाइन' ही शब्दांची पद्धत सदोष होती खरी. 'फाइन' म्हणजे चांगलेच झिजलेले, हा इंग्रजी शिष्टाचाराचा मासला! पण शब्दावर वाद तरी घालता येत असे. डबीवरचा आकडा वाचला की नाणे पाहण्याची गरजच उरत नाही.

याहून वाईट परिणाम म्हणजे चमक वाढली की गुण वाढतील, या समजुतीने नाणी घासली जातात. जाणकार हे चटकन ओळखतो आणि नाण्याची किंमत घसरते. मात्र गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. जुन्या ग्रंथाची भाषा 'सुधारणाऱ्या' संपादकाचे पाप निदान दुसरी प्रत सापडली तर धुऊन निघते.

१९२८ ची पशुपक्ष्यांची मालिका साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, कारण तिच्या निवडसमितीचा अध्यक्ष कवी येट्स होता. पर्सी मेटकाफने रेखलेला अर्धक्राउनवरचा घोडा, फ्लोरिनवरचा सॅमन, पेनीवरची पिलांसह कोंबडी. ही यंत्रावर नेटकी पाडलेली नाणी. इथे झीज वाचणे त्यामानाने सोपे. तरीही १९४३ चा फ्लोरिन घ्या. चांदीच्या या नाण्यांपैकी बहुतेक वितळवली गेली, थोडी चुकून लोकांच्या हाती पडली. असा फ्लोरिन झिजलेला असेल, तर तो बाजारात फिरला, कोणी त्याने पाव घेतला, कोणी तो खिशात वागवला, एवढे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. ही झीज वजाबाकीत धरायची की बेरजेत, हे सांगणारा रकाना शेल्डनच्या श्रेणीत नाही.