लेथ आहे, पण काम कुठाय?

ऑफिसात दिवसभर कॅडवर पार्ट फिरवणाऱ्या कितीजणांच्या डोक्यात घरचा लेथ फिरत असतो, विचारू नका! भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात तर वडिलांचं जुनं मशीन म्हणजे फॅमिली प्रॉपर्टीच. वीकेंडला चार बुश काढून दिले, मित्राच्या बुलेटला स्पेसर बसवला की कॉलर टाइट. पुढच्या महिन्यात मात्र मशीनवर चादर. सुटा जॉब मिळतो, रेग्युलर काम मिळत नाही, खरा लोचा हा आहे.

पहिला फंडा, मोठ्या कंपनीच्या गेटवर चपला झिजवू नका. हजारांनी पार्ट काढणाऱ्या सीएनसीवाल्यापुढे आपला भाव टिकणार नाही. आपलं गिऱ्हाईक एक ते पन्नास नगवालं. छोट्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला, जुनी पॅकिंग मशीन दुरुस्त करणारा, इंजिनीअरिंगची प्रोजेक्टवाली पोरं. आणि हो, ज्यांना पाच नगांसाठी सेटिंग मोडणं परवडत नाही, ती मोठी वर्कशॉप्ससुद्धा. तुटलेली पिन शनिवारी रात्री बनवून देणाऱ्याचा नंबर कुणी डिलीट करत नाही. फक्त एकाच पार्टीवर विसंबू नका. तिची ऑर्डर थांबली की आपणही थांबलो. तीन-चार हव्यातच.

दुसरा मुद्दा भावाचा. वीस बुश, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे चार तास. मजुरीचे ३,००० मिळाले की तासाला ७५० पडल्यासारखे वाटतात. पण मटेरियल आणणं, सेटिंग, मोजमाप, पोचवणं यांचे तीन तास कोण धरणार? ते धरले तर उरतात जेमतेम ४२८. त्यातून वीज, टूल आणि बाद झालेला नग वजा करा. आता बोला!

तिसरा मुद्दा कागदाचा. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. ती काम घेण्याआधीच करा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदार तुमचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडकवू शकत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी हातात पीओ, बिल आणि सही केलेलं चलन हवं. 'दादा, पुढच्या आठवड्यात देतो' याला कायद्यात किंमत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई आहे का, ते वाचा. आणि घरगुती मीटरवर धंदा चालवू नका. महावितरणकडून औद्योगिक जोडणी घ्या, शेजारच्या काकूंच्या दुपारच्या झोपेचाही हिशेब ठेवा.

शेवटी विकताय काय? तुमचा रविवार. घरच्यांच्या वाट्याचा दिवस जाणार असेल, तर त्याचा भाव आधी घरात ठरवा, मग पार्टीला सांगा. त्या भावात बसेल तेच काम घ्यायचं, बाकीच्यांना सरळ नमस्कार!