आयत्या बिळावरचे नागोबा

रुबीत इनहेरिट करायला एक < चिन्ह पुरतं. इतकं स्वस्त असलं की माणूस विचार करत नाही. हॅशमधे सगळं आयतं आहेच की, घ्या इनहेरिट करून, एखादी मेथड ओव्हरराईड केली की झालं काम! माझं स्पष्ट मत असं की हॅश, अ‍ॅरे, स्ट्रिंग या रुबीच्या स्वतःच्या क्लासेसच्या वाटेला जाऊच नये.

समजा, तुम्हाला असा हॅश हवाय की सिंबॉल दिला तरी आत स्ट्रिंगच जावी. तुम्ही []= ओव्हरराईड करता, आत टू_एस करून सुपरला हाक मारता. दोन टेस्ट लिहिता, दोन्ही हिरव्या. मग टीममधला कुणीतरी अपडेट वापरतो आणि सिंबॉल जसाच्या तसा आत! कारण अपडेट सी मधे लिहिलेली आहे. ती थेट आतल्या टेबलात लिहिते, तुमच्या []= ला विचारतही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही.

रेल्सच्या हॅशविथइंडिफरंटअ‍ॅक्सेसचा सोर्स एकदा उघडून बघाच. अपडेट, मर्ज, फेच, डिलीट... बिचाऱ्यांनी एकेक करून सगळं ओव्हरराईड केलंय. २०१५ साली रुबी २.३ मधे हॅशला डिग मिळाली, की यांना नवा गृहपाठ.

हे झालं कंटाळवाणं काम. खरा धोका पॅराम्समधे होता. रेल्स ४ मधे फॉर्ममधून येणारा डेटा याच हॅशचा वारस होता. कुठली फील्ड्स चालतील ते परमिटनं सांगायचं, नाहीतर मॉडेल नकार देतं. पण हा नकार फक्त पॅराम्सच्या ऑब्जेक्टला, साध्या हॅशला नाही. म्हणजे वारशात आलेल्या डझनावारी मेथड्सपैकी एखादीनं साधा हॅश परत दिला की पहारा संपला, आणि कुणी फॉर्ममधे अ‍ॅडमिन=ट्रू घुसवलं तर तेही बिनबोभाट सेव्ह. २०१६ मधे रेल्स ५.० नं हे नातंच तोडून टाकलं. उत्तम केलं! (आता मुद्दाम सगळं हवं असेल तर टू_अनसेफ_एच लिहावं लागतं. लिहितानाच हात थबकतो.)

अ‍ॅरेवाल्यांनाही सुटका नाही. तुमच्या अ‍ॅरेच्या सबक्लासवर युनिक किंवा टेक चालवलं तर पूर्वी तुमचाच क्लास परत यायचा. रुबी ३.० पासून (डिसेंबर २०२०) साधा अ‍ॅरे येतो. तुम्ही हौसेनं लिहिलेली टोटल मेथड त्याच्यावर नसतेच.

मग ओव्हरराईड करूच नये का? तसं नाही. एन्युमरेबल इन्क्लूड करा आणि स्वतःची ईच लिहा. मॅप, सिलेक्ट, सॉर्ट सगळ्या तुमच्याच ईचला बोलावतात, आणि तसं डॉक्युमेंटेशनमधे लिहून दिलेलं आहे. हॅशनं []= बद्दल असं काही कबूल केलेलं नाही. त्यामुळे हॅश एका इन्स्टन्स व्हेरिएबलमधे ठेवा आणि लागतील त्या चार मेथड्स फॉरवर्डेबलनं पुढे ढकला. चार ओळी जास्त होतात, होऊ द्यात.