लायसन दुकानदाराचं, धोका कुणाचा?

मैत्रिणींनो, आपल्याकडे कपाशीवर फवारायच्या विषाला 'औषध' म्हणायची पद्धत आहे. "मालक औषध आणायला मोंढ्यात गेलेत", "उद्या औषध मारायचंय" हे रोजचं बोलणं. त्यामुळे कीटकनाशकांचे नियम बदलल्याची बातमी आली की ती दुकानदारांची, फार तर पुरुषांची, असं समजून आपण पान उलटतो. पण ही बातमी थेट आपल्या न्हाणीपर्यंत येते. फवारणीचे कपडे तिथेच तर पडतात.

2017 चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. हिंगोली ओलांडलं की यवतमाळ, म्हणजे काही परका मुलूख नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि गुलाबी बोंडअळी आली होती. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. बॅटरीच्या पंपाचा बारीक फवारा तोंडावर यायचा, हवा दमट, अंगात साधा सदरा. मेलेल्यांत भूमिहीन मजूरही होते. रोजानं दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेलेले, डब्यावर काय लिहिलंय ते माहीत नसलेले.

मग सरकार हललं. चौकशी नेमली, काही विक्रेत्यांवर कारवाई झाली आणि नोव्हेंबरमध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर राज्यानं बंदी घातली. किती दिवसांची? 60 दिवसांची. नोव्हेंबरात कपाशीची वेचणी चालू असते. फवारणीचा मुख्य हंगाम उलटून गेल्यावर बंदी आली आणि पुढचा हंगाम उगवायच्या आत ती संपलीसुद्धा!

हा कुणाचा आळस आहे असं मला आधी वाटलं. पण कायदा पाहिला तर गोम वेगळीच निघते. कीटकनाशकांचा केंद्राचा कायदा 1968 चा आहे. त्याच्या 27 व्या कलमात राज्य सरकारला तातडीची बंदी घालता येते, पण ती 60 दिवसांपुरती. चौकशी पुरी झाली नाही तर फार तर आणखी 30 दिवस. कायमची नोंदणी रद्द करायचा अधिकार केंद्राकडे. म्हणजे माणसं आपल्या राज्यात मरणार, दवाखाने आपले भरणार, आणि औषध कायमचं बंद करायचं की नाही ते दिल्लीत ठरणार. 2018 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं 18 कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली सहा 2020 संपेपर्यंत चालू ठेवली. मोनोक्रोटोफॉसचं नाव त्या यादीत नव्हतं. त्याचं नेहमीच्या वापरातलं 36 टक्क्यांचं द्रावण बंद करायचा आदेश निघाला 2023 मध्ये, आणि तोही आहे तो साठा विकायची सवलत देऊन. यवतमाळनंतर सहा वर्षांनी. कायदाच नवा करावा म्हणून 2008 मध्ये संसदेत विधेयक आलं, 2020 मध्ये दुसरं आलं. दोन्ही वेळा कायदा काही झाला नाही.

त्याच मोनोक्रोटोफॉसची आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक हवी. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात हेच औषध सापडलं. आपल्याकडे रिकामा डबा धुऊन त्यात काय काय ठेवतात, मी सांगायला नको. रॉकेल, तेल, कुठे कुठे तर पाणीसुद्धा. कितीही राखेनं घासला तरी तो डबा घरात ठेवू नये.

आता लायसनचं बघू. कृषी सेवा केंद्र चालवायला परवाना लागतो. पूर्वी त्याला शिक्षणाची अट नव्हती. 2017 मध्ये केंद्रानं नियम बदलले आणि कीटकनाशक विकणाऱ्याकडे शेतीची किंवा विज्ञानाची पदवी-पदविका हवी असं ठरलं. जुन्या दुकानदारांना मुदत दिली. मुदत संपत आली की मुदतवाढ, मग छोट्या अभ्यासक्रमाची सोय. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही आहे, 2003 पासूनचा. चांगली गोष्ट आहे. दवाखान्याजवळच्या मेडिकलवाल्याला शिक्षण लागतं, मग एवढं जहाल विष विकणाऱ्याला का लागू नये?

पण बायांनो, खेडोपाडी दुकान खरं कोण चालवतं हेही आपण बघतो. परवाना भिंतीवर एकाच्या नावाचा, गल्ल्यावर दुसराच. कुठे तो सुनेच्या नावावर असतो, कारण बी.एस्सी. झालेली तीच. ती बिचारी आत भाकरी करत असते आणि शेतकऱ्याला औषध देतो दहावी झालेला पोरगा. तो काय सांगणार? "हे घ्या काका, जालीम आहे." नियम बदलला तरी पदवी काउंटरवर येऊन बसत नाही.

2023 मध्ये राज्यानं बोगस बियाणं, खतं आणि औषधांविरुद्ध कडक शिक्षेची विधेयकं आणली, तेव्हा विक्रेत्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन दिवस दुकानं बंद ठेवली. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही कंपनीची सीलबंद पुडी विकतो, आतल्या मालाला आम्ही जबाबदार कसे? त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पुडीत काय भरलं ते कंपनीच जाणे. पण पक्कं बिल देणं, माहितीपत्रक देणं, कुठलं औषध कशात मिसळू नये हे सांगणं, यात कंपनीचा काय संबंध? डब्यासोबत पत्रक द्यायचं आणि ते स्थानिक भाषेतही हवं, हे 1971 पासूनच्या नियमांत आहे. मिळतं का तुम्हाला? मिळालंच तर अक्षर इतकं बारीक, की चष्मा लावूनही वाचता येत नाही.

आणि एवढ्या नियमांत बाई कुठे आहे? पंप पाठीवर घेणारा पुरुष, पण त्याला पाणी आणून देणारी, बादलीत औषध कालवणारी बाईच. मी बचत गटांच्या बैठकांना जाते तिथे विचारते, "कशानं कालवता?" कुणी काडीनं म्हणतं, कुणी लाजत हातानं म्हणतं. एकीनं तर मलाच विचारलं, "हातमोजे घालून कुठं काम होतं का ताई?" सरकारच्या लेखी फवारणी म्हणजे फवारणारा. कालवणारी आणि ते कपडे धुणारी त्यात धरलेलीच नाही.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग तेवढा ओळखायला शिका. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. फवारणीचे कपडे लेकराबाळांच्या कपड्यांत भिजवू नका. कुणाला गरगरलं, तोंडाला लाळ सुटली, दिसायला अंधुक झालं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्या. नाव कळलं की डॉक्टरला उतारा देणं सोपं जातं.

नुकसानभरपाईचं सांगते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 पासून आहे. औषध हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू झाला तर 2 लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण त्यात बसतो. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. पण कागदांत पहिला सातबारा. रोजानं जाणाऱ्या बाईकडे कुठला सातबारा? यवतमाळला गेलेल्या मजुरांसारखीच ती या योजनेच्या बाहेर.

आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या पूर्वीच्या गृहविज्ञान, आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी बायकांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर काम होत आलंय. तरी फवारणीचं प्रशिक्षण म्हटलं की सकाळी अकराला पारावर पुरुष जमतात आणि बाया खुरपायला गेलेल्या असतात. यंदा पेरणीआधीच्या खरीप आढावा बैठकीसाठी आमच्या भागातल्या गटांनी एक निवेदन लिहायला घेतलंय. प्रशिक्षण संध्याकाळी ठेवा, त्यात कालवणाऱ्या बायांना बोलवा, दुकानात मराठी पत्रक मोठ्या अक्षरात लावा आणि मजुराला सातबाऱ्याशिवाय अनुदान द्या, एवढ्याच मागण्या आहेत. सह्या गोळा करणं चालू आहे. मानवत, सेलू, जिंतूरकडच्या मैत्रिणींनी आपापल्या गटात हे वाचून दाखवलं तर बरं होईल. खाली सह्यांना जागा भरपूर ठेवलीय, अंगठाही चालेल.